भरलेली गाडी

कामरेजच्या अलीकडे हायवे सोडला की उसाच्या शेतांमधून एक रस्ता आत जातो. त्याच्या टोकाला आमचा काँक्रीटचा प्लँट आहे. खडी, वाळू, सिमेंट आणि पाणी वरच्या हौदात एकत्र होतं, मिक्सर-ट्रकच्या ड्रममध्ये पडतं आणि ट्रक निघतो. सुरतच्या चारी बाजूंना जिथे स्लॅब पडत असेल तिथे. दुकानातल्या सिमेंटच्या गोणीला घाई नसते. ओल्या काँक्रीटला असते. वाटेत आणि साइटवरच्या रांगेत ड्रम हळूहळू फिरत राहायला हवा. तो थांबला, किंवा फार वेळ गेला, की आतला माल धरतो आणि मग त्याचा दगड होतो.

म्हणून मोजावं लागतं. ते मोजणं हे माझं काम.

प्रत्येक गाडीत ट्रॅकर आहे. माझ्या पडद्यावर गाडी म्हणजे एक ठिपका. चालत असेल तर हिरवा, माल उतरवत असेल तर निळा, साइटवर ताटकळत असेल तर पिवळा. भरायला किती वेळ लागला, पोचायला किती, थांबण्यात किती गेला, ड्रम धुऊन परत रांगेत लागायला किती, हे सगळं मी गाडीवार, ड्रायव्हरवार आणि साइटवार मांडते. दर सोमवारी नितीनभाई, म्हणजे आमचे मॅनेजर, चष्मा कपाळावर चढवून ते बघतात आणि नेहमी एकच रकाना पहिल्यांदा विचारतात. थांबण्याचा. गाडी चालण्यात कुणाचं नुकसान नसतं, नुकसान थांबण्यात असतं.

माझे वडील त्या रकान्यात गेले.

आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. नाव बाजीराव. पारोळ्याकडून तरुणपणी सुरतला आले, उधन्यात लूमवर राबले, मग ट्रकवर चढले आणि ट्रकवरच राहिले. मला हे काम त्यांनीच नितीनभाईंना सांगून मिळवून दिलं होतं. "पोरगी पुस्तकं वाचते," एवढीच शिफारस त्यांनी केली होती. सकाळी गेटमधून गाडी काढताना ते माझ्या खिडकीकडे बघत नसत. कामावर असताना घरचं नातं दाखवायचं नाही, असा त्यांचा नियम होता.

दिवाळी होऊन गेल्यावरची गोष्ट. इच्छापोरच्या पुढे, हजीरा रोडवर, एका गोदामाची फरशी पडत होती. गाडीतला माल खेचून पुढे ढकलणारा पंप बिघडला म्हणून गाड्यांची रांग लागली. आप्पांची गाडी, एकाहत्तर नंबरची, रांगेत होती. पंप सुरू झाला, पुढच्या गाड्या सरकल्या, एकाहत्तर सरकली नाही. मागून हॉर्न वाजले. इंजिन चालू होतं, ड्रम फिरत होता, आप्पा सीटवर ताठ बसले होते. शेवटी आप्पांचे जुने सोबती पांडुरंगनाना आपल्या गाडीतून उतरून त्यांच्या केबिनवर चढले आणि त्यांनी आप्पांच्या खांद्यावर हात ठेवला.

डॉक्टर म्हणाले, हृदय. केव्हा ते त्यांना नीट सांगता आलं नाही. माझ्या पडद्यावर सगळाच वेळ पिवळा होता. त्यातला कितीसा जिवंत माणसाचा आणि कितीसा नंतरचा, हे वेगळं करायला माझ्याकडे काही साधन नव्हतं. पुढच्या सोमवारी नितीनभाई हलक्या आवाजात म्हणाले, "बेन, ती फेरी सरासरीतून काढून टाक." मी काढली नाही. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

*

दिवस घातल्यावर मी कामावर परतले तेव्हा एकाहत्तर रस्त्यावर आली होती. ती कुंदनला दिली होती. कुंदन नंदुरबारकडचा, तिशीचा, प्लँटमधला सगळ्यांत बोलका माणूस. वायरलेसवरसुद्धा तो सरळ बोलायचा नाही. "एकाहत्तर निघाली नवरीसारखी, वाजंत्री पाठवा," असं काहीतरी.

तो त्या गाडीवर गेल्यापासून तिचा पिवळा रकाना वाढायला लागला.

पहिल्यांदा मी साइटला दोष दिला. ते सवयीचं असतं. साइटवाले आमच्या माथी मारतात, आम्ही त्यांच्या. पण साइट दर वेळी वेगळी होती. पालला तेच, वेसूला तेच, सचिन गावात तेच. फोन केला की साइटचा माणूस चिडून म्हणायचा, "मॅडम, पंप खाली है, हम बुला रहे हैं, आपका ड्रायव्हर सुनता नहीं."

मी कुंदनला ऑफिसात बोलावलं.

"ताई, मी आत्ताच पोचलो होतो हो."

"आत्ताच? तुमच्या मागून आलेल्या दोन गाड्या रिकाम्या होऊन परत आल्या."

तो हसला. "मग त्या नको तेवढ्या पळत असतील. त्यांना दंड करा."

"झोप लागते का?"

"झोप लागली तर बरंच म्हणायचं," तो म्हणाला, आणि पुढे काही जोडलं नाही. कुंदनने एखादं वाक्य अर्धं सोडलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

त्यानंतर वायरलेसवर त्याची बडबड कमी झाली. आधी विनोद गेले, मग नमस्कार गेला, मग नुसतं "निघाली" आणि "पोचली" उरलं. नंतर "पोचली"ही येईना.

एका सकाळी धुकं आणि गिरण्यांचा धूर एकत्र खाली बसला होता. सूर्य असून नसल्यासारखा. एकाहत्तर पालला जाऊन पिवळी झाली आणि पिवळीच राहिली. साइटवाल्यांनी तिच्या बाजूने वाट काढली आणि दुसऱ्या प्लँटमधून माल मागवला. आमचा माणूस पोचला तेव्हा कुंदन स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होता. ड्रम अजून फिरत होता, पण आत एक मोठा गोळा एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला आदळत होता. माल धरला होता.

पुढचे काही दिवस मजूर ड्रमच्या तोंडातून आत शिरून ब्रेकरने तो दगड फोडत होते. आवाज ऑफिसच्या काचांपर्यंत यायचा. कुंदन सामान घेऊन गावाला निघाला तेव्हा मी त्याला गेटपाशी गाठलं.

"काय झालं होतं, कुंदनभाऊ?"

"काहीच नाही. बसलो होतो." त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "वाईट नव्हतं, ताई. उगाच कुणाला बोल लावू नका. नुसतं वाटत होतं, आता कोणीतरी येईल."

"कोण?"

"माझ्या जागी बसायला."

*

मी शहाणपणाने वागले. ते इथे सांगायला हवं.

इंजिन चालू ठेवून तास न् तास उभी राहणारी गाडी असते. एक्झॉस्टचा धूर केबिनमध्ये येत असेल तर माणूस असाच सुन्न होतो. मी मेकॅनिककडून पाइप तपासून घेतला, केबिनच्या तळाची रबरं बदलली, वायू मोजायचं यंत्र मागवून गाडी दिवसभर यार्डात चालू ठेवली. यंत्र गप्प राहिलं. ट्रॅकर खोटं दाखवत असेल म्हणून तिचा ट्रॅकर काढून दुसऱ्या गाडीत बसवला. ती दुसरी गाडी नेहमीसारखीच धावली. एकाहत्तर नव्या ट्रॅकरवरही थांबायची. बदली म्हणून गेलेल्या दोन ड्रायव्हरांनी तिच्यावरून उतरून दुसरी गाडी मागितली. कारण विचारलं तर एक म्हणाला सीट कडक आहे, दुसरा म्हणाला सीट मऊ आहे.

"वर्षाबेन, आ एकोतेर पाछी पीळी?" नितीनभाई रोज विचारायला लागले. त्यांच्या गुजरातीत एकाहत्तर म्हणजे एकोतेर, आणि पाछी म्हणजे पुन्हा. शेवटी ते म्हणाले, "चालवणारा सापडला तर चालव. नाहीतर काढून टाकू."

चालवणारा माझ्याच घरात होता.

लोकेश माझा धाकटा भाऊ. सुरतेत जन्मलेला, बाहेर गुजराती, मित्रांत हिंदी. घरात माय अहिराणीत बोलते ते त्याला सगळं कळतं, पण उत्तर तो हिंदीत देतो. आप्पांनी त्याला आपल्या हाताने जड गाडी शिकवली होती आणि लायसन्सही काढून दिलं होतं. आप्पा गेल्यावर नितीनभाईंनी त्याला प्लँटवर घेतलं. इतके दिवस तो लहान टँकर चालवत होता. एकाहत्तर मोकळी आहे असं कळताच त्याने सरळ जाऊन ती मागून घेतली.

संध्याकाळी उधन्याच्या आमच्या खोलीत माय भाकरी थापत होती. तिने परातीतून मान वर केली नाही.

"त्या गाडीवर त्याले बसाडू नको, वर्षा. तुन्हा हातमा शे ना ते?"

"माय, गाडी तपासून घेतलीय. दोष नाही काही."

"गाडीमा दोष नई शे, हाई मालेबी समजस."

"मग?"

"मग काय. तू मास्तरीण. तुन्हं मोजमाप तू जान." तिने भाकरी तव्यावर टाकली. "एक गया तठे. दुसरा नको."

"मम्मी, टेन्शन मत ले यार," लोकेश पलंगावरून म्हणाला. "आप्पा की गाडी है. मेरेको पहचानती है."

मायचा हात तव्यावर थांबला. भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा तिने ती उलटली.

मी त्याला अडवू शकले असते की नाही, ठाऊक नाही. चोविसाव्या वर्षी बापाची गाडी मागणाऱ्या मुलाला सांगायला माझ्याकडे कारण नव्हतं. जे कारण होतं ते कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं. मी एवढंच ठरवलं की त्याचा ठिपका नजरेआड होऊ द्यायचा नाही.

पहिले काही दिवस त्याच्या फेऱ्या चांगल्या झाल्या, आप्पांच्या होत तशा. मी थोडी सैल झाले. मग घरात बदल दिसायला लागला. लोकेश कामावरून येऊन दारातल्या स्टुलावर बसायचा आणि तिथेच राहायचा. पूर्वी मोबाइल घेऊन बसायचा. आता मोबाइल खिशातच असे. माय ताट वाढून हाक मारायची. तो "हां" म्हणायचा, पण उठायचा नाही. ती जाऊन त्याच्या खांद्याला हात लावी, तेव्हा तो तिच्याकडे बघे. त्या बघण्यात थोडी निराशा असायची. दुसरंच कोणीतरी येणार होतं आणि आली माय, अशी.

"तिकडे साइटवर काय करतोस रे रांगेत?" मी विचारलं.

"क्या करूंगा? बैठता हूं."

"गाणी ऐकतोस?"

"नहीं." मग म्हणाला, "ताई, ड्रम का आवाज अच्छा लगता है. जैसे कोई घर में पीस रहा हो."

दुसऱ्या सोमवारी त्याचा पिवळा रकाना वर चढला. मी नितीनभाईंना म्हटलं, गाडी बंद करा, विका, काहीही करा. ते म्हणाले, या आठवड्यात हजीरा रोडचं मोठं काम आहे, ते होऊ दे, शनिवारी बघू.

*

त्या दुपारी आभाळ राखेच्या रंगाचं होतं. वारा नव्हता. एकाहत्तर हजीरा रोडवर गेली होती, आप्पांच्या वेळी होतं त्याच गोदामाच्या आवारात. आता तिथे दुसरी फरशी पडत होती. ठिपका पिवळा झाला. मी चहा घेतला. ठिपका पिवळा होता. मागच्या गाड्या निळ्या होऊन गेल्या.

मी लोकेशला फोन लावला. त्याने उचलला.

"लोकेश?"

पलीकडे ड्रमची घरघर होती. एकसारखी, संथ. कोणी श्वास घेत असल्याचंही ऐकू येत नव्हतं.

"लोकेश, खाली उतर. गाडी सोड आणि खाली उतर."

घरघर चालू राहिली. मी फोन कानाला तसाच धरून यार्डात पळाले. पांडुरंगनाना ड्रम धूत होते. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पाण्याचा पाइप तसाच जमिनीवर सोडला.

प्लँटची पिकअप घेऊन आम्ही निघालो. नाना चालवत होते. आप्पांच्या वयाचे, त्यांच्यासोबतच ट्रकवर आलेले. तापीचा पूल लागला. पाणी खाली शिशासारखं पसरलं होतं.

"पोरी, एक सांगू का? तू हसशी."

"नाही हसणार."

"मालेच हसू येस कधी कधी. म्हनीसन बोलनू नई." त्यांनी गिअर बदलला. "आपल्या लोकांत एक रीत शे. भरेल गाडी कोनीबी तशीच सोडत नई. मोठं काम ऱ्हायनं की रांगमाच पाळी बदलस. तवय उतरनारा म्हनस, 'ले.' चढनारा म्हनस, 'लिधी.' मगच उतरनारा पाय खाले ठेवस."

"म्हणजे, घेतली असं म्हणायचं?"

"हां. पुरानी गोष्ट. एक जन उतरना, त्याले वाटनं दुसरा चढना. कोनीच चढेल नई व्हतं. डिझेल संपनं, माल धरना. तवयपासून ही रीत. त्यामा देवाधर्माचं काही नई. कामनी गोष्ट."

पुढे रस्त्याच्या कडेला कारखान्यांच्या भिंती सुरू झाल्या. लांबवर एका चिमणीच्या टोकाला ज्वाळा होती, दिवसाच्या उजेडात फिकट पडलेली.

"त्या दिनले आम्हीन तुन्हा बापले उचलीसन खाले उतारं," नाना म्हणाले. "मी त्यान्या जागावर बठनू. गाडी रिकामी करी, प्लँटवर आनी. पन गाडी भरेल व्हती, पोरी. आनी त्यानी 'ले' म्हनंच नई. म्हनाव तरी कसं? मीबी 'लिधी' म्हनं नई. कोनले ध्यान ऱ्हास तवय?"

फोन अजून माझ्या कानाला होता. पलीकडे घरघर चालूच होती.

"नंतर मी यार्डमा एकदाव तिन्या केबिनमा चढनू. लिधी, लिधी, दोनदाव म्हनं. येडासारखं. रिकामी गाडी. देनारं कोन व्हतं तठे?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी हसत नव्हते.

*

आवारात सुपरवायझर हेल्मेट काढून ओरडत होता. "बहरा है क्या? कितनी बार बोला, हट जा!" एकाहत्तर पंपासमोर उभी होती. ड्रम फिरत होता. इंजिनाच्या थरथरीने आरसा हलत होता आणि त्यात आभाळाचा एक तुकडा हलत होता.

नाना ड्रायव्हरच्या बाजूने धावले. त्यांचे गुडघे पायरीवर अडले. मी डावीकडून वर चढले आणि दार उघडलं.

केबिनमध्ये ओल्या सिमेंटचा वास होता. आप्पा घरी आले की त्यांच्या अंगाला असायचा तो. लोकेश ताठ बसला होता. हात स्टिअरिंगवर. समोरच्या काचेतून तो पंपाकडे नाही, पंपाच्या पलीकडे बघत होता. त्याच्या पापण्यांवर सिमेंटची बारीक पूड बसली होती. ती पूड हलत नव्हती.

"लोकेश."

मी त्याच्या हाताला हात लावला. हात थंड होता आणि जड.

"लोकेश, मी आलेय."

त्याचे ओठ हलले.

"कोन येल शे?"

आवाज लोकेशचाच होता. मी त्यात दुसरा आवाज ऐकला असं मी म्हणणार नाही. फक्त लोकेशने जन्मात कधी अहिराणीत उत्तर दिलं नव्हतं.

"वर्षा," मी म्हणाले.

"भलता उशीर व्हयना."

"हो."

त्याने मान वळवली. फार हळू. डोळे माझ्यावर आले आणि तिथे थांबले. त्यात राग नव्हता. पाळी संपलेल्या माणसाच्या डोळ्यांत असतो तेवढाच थकवा होता.

"ले," तो म्हणाला.

खालून नानांचा आवाज आला. "थांब, पोरी! मी म्हनस! मी चढस!"

त्यांचा हात दाराच्या कडीपर्यंत पोचला होता. दार उघडत नव्हतं.

लोकेशच्या ओठांचा रंग जात होता.

मला गाडी चालवता येत नाही. सायकलही धड येत नाही.

"लिधी," मी म्हणाले.

पापण्या मिटल्या. पूड गालावर पडली.

लोकेशने एक लांब श्वास घेतला आणि खोकत सुटला.

*

"तू इधर क्या कर रही है?" हे त्याचं पहिलं वाक्य. मग त्याने खाली उतरून सुपरवायझरला एक अस्सल सुरती शिवी दिली, पाणी मागितलं, आडोशाला जाऊन आला आणि चहा कुठे मिळतो ते विचारलं. त्याला वाटत होतं तो नुकताच पोचलाय. मी त्याच्या तोंडाकडे बघतच राहिले. तो लाजला. "घूर क्या रही है? रो मत ना यार, सब देख रहे हैं."

नानांनी गाडी पंपाला लावली. मी डावीकडच्या सीटवर सरकून बसले होते आणि माल उतरेपर्यंत केबिनमध्येच बसून राहिले. काँक्रीट पन्हळीतून खाली जाताना होणारा तो जाड, ओला आवाज मी इतक्या वर्षांत कधी जवळून ऐकला नव्हता.

ड्रममध्ये थोडा माल उरला असेल तेव्हा नानांनी लीव्हर थांबवला. ते लोकेशकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते.

"अजून भरेल शे," ते म्हणाले. "माले दे. 'ले' म्हन."

त्यांनी हात पुढे केला होता. त्यांच्या घरी संध्याकाळी कोण कोण दारात वाट बघत उभं असतं ते मला माहीत होतं.

"नाना, राहू द्या."

"पोरी, तू उतरशी कशी मग?"

"उतरेन," मी म्हणाले, आणि उतरले. पाय जमिनीला नीट लागले. काही झालं नाही.

नानांच्या काळजीने मी नाही म्हटलं, हे खरं आहे. पण तेवढंच खरं नाही. आप्पांनी मला त्यानंतर काही देण्याची वेळ येणार नव्हती. जे मिळालं ते लगेच दुसऱ्याच्या हातात देऊन टाकावं असं मला वाटलं नाही.

*

एकाहत्तर विकली गेली नाही. लोकेशच ती चालवतो. सध्या ताफ्यात तिचा पिवळा रकाना सगळ्यांत कमी आहे. नितीनभाई इतर ड्रायव्हरांना तिचं उदाहरण देतात. लोकेश रांगेत मोबाइलवर क्रिकेट बघतो आणि पंप मोकळा झाला की कोणी सांगायच्या आधी गाडी लावतो. घरी येऊन मायशी भांडतो, भाकरीला नाकं मुरडतो. मायला बरं वाटतं. मलाही.

एकाहत्तर साइटवर उभी असते तेव्हा माझा चहा बहुतेक निवतो. तेवढंच.

मागच्या आठवड्यात इच्छापोरच्या साइटवरून फोन आला. सुरक्षा बघणारा नवा माणूस होता, नम्र.

"मॅडम, आपकी इकहत्तर नंबर में जो बहन साथ आती हैं, उनको हेल्मेट दे दीजिए. साइट का नियम है. केबिन में बैठे हुए को भी लगता है."

"ड्रायव्हर एकटा असतो," मी म्हणाले.

"नहीं मॅडम, रोज़ आती हैं. बुलाने पर उतरती नहीं हैं, इसलिए आपको फोन किया."

मी लोकेशला विचारलं. तो हसला. "कौन बहन? मेरी तो तू ही है, और तू ऑफिस में बैठके सबका खून पीती है."

मी ती बाई दिसते कशी, हे त्या माणसाला विचारलं नाही. स्टोअरमधून एक नवं पांढरं हेल्मेट काढलं, आतला पट्टा पूर्ण सैल होता तसाच ठेवला, आणि लोकेशला सांगितलं, नियम आहे, डावीकडच्या सीटवर ठेवून दे.

संध्याकाळी त्याने ते माझ्या टेबलावर आणून ठेवलं. म्हणाला, हात लावला नाही, होतं तिथेच होतं. वर सिमेंटची पूड बसली होती.

तो गेल्यावर मी दार लोटलं आणि ते डोक्यावर घालून पाहिलं. पट्टा आवळलेला होता. मला अगदी नीट बसला. कपाळावरची पट्टी ओली होती, आणि अजून कोमट.